वरचे दात

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत माणूस उताणा झाला की त्याला काही किंमत राहत नाही. तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, गळ्याखाली निळा कागद, आणि वरून तोंडाला फडकं बांधलेली बाई विचारते, "आजोबा, काही त्रास होतोय का?" तोंडात दोन नळ्या घातल्यावर माणसानं सांगायचं कसं? मी पहिल्याच दिवशी त्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मला आजोबा म्हणू नका. माझी नातवंडं मला आजोबा म्हणायला मुंबईहून येत नाहीत, तुम्ही कशाला तसदी घेता. त्या हसल्या. "मग काका म्हणू?" म्हटलं, म्हणा काय ते, पण हात चालवा.

मी चौथी शिकलो. पुढचा सगळा जन्म चिऱ्यांत गेला. जांभ्याच्या खाणीत चिरे काढायचे, तासायचे, गाडीत भरायचे. लिहायची मला सवय नाही. पण तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस "बरं, येतो" म्हणून उठतो. म्हणून लिहितो आहे.

माझी बायको गेली त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. छातीत कळ आली, वाडीत रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं. ती दातांनी गेली नाही, एवढं मला कळतं. मला कोणी शहाणपण सांगू नये. पण शेवटची काही वर्षं ती जेवली नाही, नुसती गिळत होती, आणि ते टळण्यासारखं होतं. माझा राग त्यावर आहे.

आमच्याकडे जुन्या बायका मशेरी लावतात. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, हातानं चुरायचं, डबीत भरायचं आणि सकाळी मागीलदारी बसून बोटानं दातांना घासायचं. घासणं नावाला. खरं काम गप्पांचं. माझी बायको आणि माझी थोरली वहिनी, म्हणजे माझ्या वारलेल्या भावाची बायको, या दोघी जावा. वहिनीचं घर आमच्या घराला लागून. माझं लग्न झालं तेव्हापासून या दोघी रोज सकाळी आमच्या मागच्या पायरीवर तोंडात बोट घालून बसायच्या. मी खाणीवर निघायचो तेव्हा बसलेल्या, न्याहारीचा डबा विसरला म्हणून परत यायचो तेव्हाही बसलेल्या. मी म्हणायचो, "दात घासताय की दळण दळताय?" वहिनी थुंकून म्हणायची, "भावोजी, तुमी चिरे तासा. आमचे आमी तासतंव."

बायकोच्या हिरड्या सुजायला लागल्या, तोंडाला वास यायला लागला, तेव्हा मीच तिला रत्नागिरीत घेऊन गेलो. हट्टानं नेली. तेव्हाचा डॉक्टर वेगळा, पुरुष होता, आणि त्याच्याकडे गर्दी फार. त्यानं तिचं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाला, "किटण खूप आहे. मशीननं काढावं लागेल. आज खालचे दात, पुढच्या खेपेला वरचे." मी दाराशी उभा होतो. पेनासारखी बारीक वस्तू, तिला वाकडं टोक, टोकातून पाण्याचा फवारा. आवाज असा की कानाला कमी आणि दाढेच्या मुळाला जास्त लागतो. माझ्या तोंडात काही नसताना माझेच दात शिवशिवले. तिनं खुर्चीचा हात गच्च धरला होता. मध्येच तिला चूळ भरायला लावलं तेव्हा त्या भांड्यात काळ्या, पिवळ्या कपच्या पडल्या. चिरा तासताना उडतात तशा, फक्त लहान.

झाल्यावर तो म्हणाला, "मशेरी बंद. पुढच्या आठवड्यात या." आणि दाराकडे बघून, "नेक्स्ट." संपलं. एवढंच बोलला तो. त्या माणसाला मी आज भेटलो तर काय बोलेन ते इथं लिहिता येणार नाही.

एसटीत बसल्या बसल्या तिनं जिभेनं दात चाचपायला सुरुवात केली. गप्प होती. पाली गाव मागे पडल्यावर म्हणाली, "अवो, त्यान माजे दात कापलान."

म्हटलं, "कापलेले नाहीत. घाण काढली."

"मग ह्या फटी कसल्या? वारा जातोय मधून."

घरी आल्यावर माठातलं पाणी प्यायली आणि तोंड धरून खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं तिला उन्हात उभी केली, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि आत बघून कपाळावर हात मारला.

"काय केलान गो ह्या! गडग्यातल्या चिपा काडलान. आता गडगा रवतो काय?"

गडगा म्हणजे आमच्याकडचा कुंपणाचा बांध, माती-चुना न लावता रचलेला. मोठ्या दगडांच्या फटीत बारीक दगड ठोकायचे, त्या चिपा. त्या काढल्या की मोठा दगड डुगडुगतो. वहिनीचं म्हणणं, किटण म्हणजे दातांच्या चिपा. मशीननं त्या उडवल्या, आता दात हलणार. ही गोष्ट आमच्या वाडीत सगळ्यांना पटते. अजून पटते. शाळामास्तरणीलाही पटते.

मी ओरडलो. म्हटलं, जन्म दगडात गेला माझा, चिप कुठली आणि घाण कुठली ते मला कळत नाही होय? जुन्या भिंतीत पिंपळाचं मूळ शिरतं, चिऱ्यांना फाकवतं. ते मूळ ओढून काढलं की फट दिसते. म्हणून मूळ काय भिंत धरून होतं? बायको म्हणाली, "मशीन तुमच्या तोंडात गेलेला नाय." आणि वहिनीला म्हणाली, "तू सांग गो, मी काय करू?"

मी समोर उभा. मी तिचा नवरा. आणि "तू सांग गो" कोणाला, तर वहिनीला.

वरचे दात राहूनच गेले. मी पुढच्या आठवड्यात कपडे करून बसलो, ती निघाली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आमचं भांडण झालं. मग मी विषय काढायचा सोडला.

वर्षभरात तिचे वरचे दात हलायला लागले. वरचे! ज्यांना मशीनचं टोकसुद्धा लागलं नव्हतं ते. खालचे, जे त्या डॉक्टरनं साफ केले होते, ते जागच्या जागी. मी दोघींना पायरीवर गाठलं. म्हटलं, आता बोला. वहिनी जराही अडखळली नाही. "खालना हादरा बसलान ना, तो वर गेला."

"खालचा हादरा खालच्यांना न लागता वर गेला?"

"हादरा वरच जातो, भावोजी. भूकंपात पडतं ते कौल पडतं."

बायको पदराआड हसत होती. ते हसणं माझ्या डोक्यात बसून राहिलं आहे.

एकेक करून वरचे सगळे गेले. कवळी करून दिली तर ती टाळ्याला लागली की तिला ओकारी यायची. कवळी एका वाटीत घालून फळीवर ठेवली, पुढं त्या वाटीवर झाकण आलं. फणसाच्या आठळ्या भाजून मीठ लावून खाणं ही त्या बाईची एकच चैन. आठळ्या भाजायची, आणि मला सोलून द्यायची. स्वतः एक तोंडात धरून नुसती चघळायची आणि मग हळूच बाहेर काढून ठेवायची. भाकरी चहात, भात पेजेसारखा, मासळीचं नुसतं कालवण. पुतण्याच्या लग्नातल्या सगळ्या फोटोत ती पदर तोंडाला लावून आहे. एका फोटोत तोंड दिसत असेल म्हणून मी सगळा अल्बम उलटा-सुलटा बघितला. नाही.

मग ती गेली. आणि तेरावं उरकल्यावर सगळे म्हणायला लागले, "सोनं झालं तिचं, काही भोगलं नाही." भोगलं नाही? तुम्ही तिच्याबरोबर जेवायला बसला होतात का?

आता माझं. शुगरच्या डॉक्टरनं माझ्या हिरड्या बघितल्या आणि म्हणाला, गोळ्या वाढवून उपयोग नाही, आधी तोंड साफ करून या, नाहीतर सगळे दात जातील. म्हणून मी या डॉक्टरीणबाईंकडे आलो. मला दात ठेवायचे आहेत. म्हाताऱ्या माणसानं असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. दात नसलेलं माणूस रोज ताटावर कसं बसतं ते मी समोर बसून बघितलेलं आहे.

बाईंनी आधी चौकशी केली. बीपी, शुगर, कुठल्या गोळ्या. "छातीत मशीन बसवलंय का? पेसमेकर?"

म्हटलं, "छातीत मशीन बसवायचं होतं तर तिच्या बसवायला हवं होतं. माझ्या छातीला काही होत नाही."

त्यांना काही कळलं नसेल. पण विचारलं नाही. ते पेन दाखवलं. अल्ट्रासॉनिक स्केलर म्हणतात त्याला. म्हणाल्या, "काका, हे घासत नाही, कापत नाही. हे टोक फक्त थरथरतं, इतकं जलद की डोळ्यांना दिसत नाही. त्या थरथरीनं किटण सुटतं. टोक तापू नये आणि सुटलेलं वाहून जावं म्हणून पाणी." हे मला पटलं. खाणीत चिरे कापायचं चाक आलं तेव्हा त्यावरही पाणी सोडावं लागायचं. मग त्या म्हणाल्या, "आज तुमचं खालचं करू, वरचं पुढच्या वेळी. घरी गेल्यावर दातांत फटी वाटतील, गार पाणी लागेल. घाबरायचं नाही. किटणानं हिरडी आधीच खाली ढकललेली असते. किटण निघालं की ती जागा मोकळी लागते, एवढंच. दात तेवढाच असतो."

मी उठून बसलो. निळा कागद खाली पडला.

"हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"हो, सांगावं लागतं."

"मग त्याला काय झालं होतं सांगायला?"

"कोणाला?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, आवाज चढवून. बाहेर बसलेली माणसं आत डोकवायला लागली. दोन वाक्यं आहेत ही. फटी वाटतील, घाबरू नका. चहा ओतायला लागतो तेवढा वेळही लागत नाही. तो माणूस ही दोन वाक्यं बोलला असता तर माझी बायको आठळ्या खात मेली असती. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, फक्त क्लीनिंग राहिलं म्हणूनच वरचे गेले असं मी म्हणू शकत नाही. मशेरी होती, वय होतं, तपासल्याशिवाय..." म्हटलं, राहू द्या. तुम्ही एकमेकांची बाजू घेणारच. झोपलो परत. म्हटलं, करा.

त्यांनी केलं. दुखलं फार नाही. पण ती थरथर कवटीत जाते, आणि पाणी घशाकडे येतं तेव्हा बुडतोय असं वाटतं. नळी धरणारी मुलगी पाणी ओढून घ्यायची. मी चूळ भरली, भांड्यात कपच्या पडल्या, आणि मी भांड्याकडे बघायचं टाळलं.

घरी येताना जीभ स्थिर राहीना. खालच्या दातांमागे जिथं गुळगुळीत भिंत होती तिथं आता खाचा होत्या. प्रत्येक दात वेगळा लागत होता. मला सगळं सांगितलेलं, मी स्वतः पिंपळाच्या मुळाची गोष्ट दुसऱ्यांना सांगणारा, आणि तरी जीभ म्हणत होती की यांनी दात कापले. वारा खरंच जातो मधून. तेव्हा मला कळलं, ती एसटीत एवढी गप्प का बसली होती. कळलं म्हणून राग गेला असं काही झालं नाही. उलट वाढला. मला एवढं सांगून माझी ही गत, तर तिला काहीच न सांगता सोडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या दारानं आली. हातात डबी. तिचं वय आता पुष्कळ आहे, कमरेत वाकली आहे, तोंडात एकही दात नाही, पण मशेरी सुटलेली नाही. हिरड्यांनाच लावते.

"भावोजी, मशीन लावून आलाव म्हणं."

"आलो."

"आता हालतील."

"वहिनी, तुम्ही घरी जा."

"घ्या, लावा थोडी. दुकताय ता कमी होईल."

मी ती डबी तिच्या हातातून घेतली आणि अंगणात भिरकावली. झाकण उडालं, काळी भुकटी तुळशीपर्यंत पसरली. माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोललो. म्हटलं, तुझ्या चिपा आणि तुझा हादरा. तुझ्यामुळे तिला धड खाता आलं नाही. डॉक्टर आणि तू, दोघांनी मिळून तिचं तोंड बंद केलंत. मी आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला अगं-तुगं केलं.

ती रडली नाही. पायरीवर बसली, धाप लागली होती. मग म्हणाली, "दात दात काय करताव? माज्या तोंडात एक तरी हाय? मी मेलंय?"

"तिला माझं पटत होतं. तू पटू दिलं नाहीस."

"काय कळतं तुमाला! तिला समदं पटत होतं." वहिनीनं माझ्याकडे न बघता सांगितलं. "तिनच माका सांगितलान. वरचे केले तर डॉक्टर परत विचारील, मशेरी सोडलीस काय. सोडली तर मग सकाळची मी हितं बसू कशाला? तुज्याबरोबर नुसती बसले तर घरातल्या कामातून माका कोण सोडणार हाय? असा म्हणाली ती."

"आणि हादरा वर गेला ते?"

"ता तुमाला सांगायला."

म्हणजे दोघींना ते खरं वाटत नव्हतं. कौलं आणि भूकंप, ते सगळं मला गप्प करायला. पदराआड ती हसत होती ती मला हसत होती. तिनं दात हलताना बघितले, एकेक जाताना बघितला, आणि तरी सकाळची ती पायरी सोडली नाही. बरं, मशेरी न लावताही बसता आलं असतं. मी काय "ऊठ" म्हणून हाकललं असतं? मी तसंच विचारलं वहिनीला. ती म्हणाली, "तुमी नसता हाकलला. पण तोंडात बोट असला की कोण काय सांगत नाय. बोट काडला की सगळे हाक मारतात."

ती काठी टेकत उठली, अंगणातून रिकामी डबी उचलली आणि गेली.

मेलेल्या माणसावर रागवू नये असं सगळे सांगतात. मी रागावतो. मला ती एकदा म्हणाली असती, की मला ही पायरी हवी आहे, तर मी काहीतरी केलं असतं. काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण निदान मला सांगितलेलं असतं. संसार माझ्याबरोबर केला आणि खरं बोलायला वहिनी. तो डॉक्टर दोन वाक्यं बोलला नाही म्हणून मी एवढं बोललो, आणि ही तर घरातलीच.

वरच्या दातांची तारीख आली तेव्हा जायचं की नाही, मी अंघोळ करून कपडे घालेपर्यंत ठरवलं नव्हतं. तिनं मुद्दाम केलं नाही ते मी कशाला करायचं, असंही मनात आलं. मग म्हटलं, नाही, मी जाणार. तिनं तिला हवं ते ठेवलं. मला दात हवे आहेत, मी ते ठेवणार. रागानंच गेलो. बाईंनी विचारलं, "काका, गेल्या वेळचे खालचे कसे आहेत?" म्हटलं, एकही हलत नाही, तुम्ही सुरू करा.

वरच्या दातांना ते टोक लागलं की आवाज थेट डोळ्यांमागे येतो. खालच्यांपेक्षा जास्त वाजतं. पाणी सगळं घशात. दिवा डोळ्यांवर, त्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं तर ते कशाचं हे कोणाला कळत नाही, ही एक सोय आहे. बाई थांबल्या, "दुखतंय?" मी मान हलवली, नाही. पुन्हा सुरू केलं. मी मनात तिला शिव्या देत होतो, अगदी घरगुती, ती चुलीपाशी असताना द्यायचो तशा.

घरी आलो. मागचं दार उघडलं तर वहिनी पायरीवर, आमच्याच पायरीवर, एकटी बसलेली. सकाळही नव्हती. डबी नवी होती. बोट तोंडात. डबी भिरकावली त्या दिवसापासून आमचं बोलणं नव्हतं.

मी म्हटलं, "वरचे पण करून आलो. दोन्ही झाले. काही हलत नाही."

तिनं बोट काढलं नाही. तसंच, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "हालतील. घाई काय हाय?"

"नाही हलणार."

"बघू."

मी दार लावायला गेलो आणि लावलं नाही. आत जाऊन भांडी आपटत चहा ठेवला. एक कप, मग रागातच दुसरा.